हातावरचं दही

आमच्या सासरी देवाधर्माचं फारसं काही उरलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना घरदार आणि सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांनी छप्पन्न साली धम्म घेतला, आणि घरातले टाक, गंडेदोरे, अंगाऱ्याच्या पुड्या एका टोपलीत भरून नदीला सोडून आले. तेव्हापासून घरात कुणी नवसाचं नाव काढलं की आबांचा आवाज चढायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "पोरी, ह्या घरात उपासतापास न्हाई आन् अंगात येणं न्हाई. पोटभर खा आन् चार बुकं वाच." मला ते बेस वाटलं. उपासाला मी तशीही कच्चीच होते.

एक गोष्ट मात्र मी माहेराहून आणली ती सोडली नाही. माझं माहेर हिमायतनगरकडचं. तिकडं आमच्या घरी कुणी गावाला निघालं की त्याच्या हातावर दही द्यायचे, दही नसलं तर चिमूटभर साखर. उंबऱ्यात उभं राहून ते चाटायचं आणि मग मागं न बघता चालायला लागायचं. दही खाऊन गेलेला माणूस परत येतो, एवढाच त्याचा अर्थ. आबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भुवया वर केल्या. मी म्हणलं, "आबा, दही खाण्यात कुठला देव आला?" ते म्हणाले, "हाव, दह्यात देव न्हाई." पुढच्या खेपेला उदगीरच्या बाजाराला निघताना त्यांनी स्वतःच हात पुढं केला.

आमचं गाव जळकोटच्या बाजूला. खडकाळ, डोंगराळ मुलूख. पाऊस बरा झाला तरी पाणी थांबत नाही, आणि तेव्हा तर दोन वर्षं पाऊस बराही झाला नव्हता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालावे लागायचे, म्हणून आबांना त्या नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायचे, "आता जिल्हा आपला." मी चुलीपाशी बसून म्हणायचे, जिल्हा आपला, पण घागर रिकामीच. दुष्काळात म्हैस विकली, तसं घरातलं दहीही गेलं. मग रेशनच्या साखरेवर भागवायला लागलो.

माझे मालक रोजगार हमीच्या कामावर मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरी, लिहायचे. पाझर तलावाचं काम लांब होतं, सोमवारी सकाळी गेलेला माणूस शनिवारी यायचा. दर सोमवारी मी त्यांच्या हातावर साखर ठेवायची. त्यांना बोलायची भारी खोड. हातावर साखर तशीच घेऊन आबांशी मजुरांच्या गोष्टी करत उभे राहायचे. शेवटी मी त्यांचं मनगट धरून हात तोंडाशी ढकलायची. "खावा की! उशीर होऊन राहिला." मग हसून खायचे आणि निघायचे. आमची लेक उंबऱ्याशी बसून हे सगळं टक लावून बघायची.

लेकीला चार सरून पाचवं चालू होतं, आणि ती अजून बोलत नव्हती. गावातल्या बाया म्हणायच्या, बाप तरी कुठं लवकर बोलला होता, बोलंल की. एकीनं उपाय सांगितला, राघूनं टोचलेला पेरू खाऊ घाल, पटापटा बोलायला लागंल. त्या वर्षी झाडाला पेरूच नव्हता तर राघू काय टोचणार? आणि आबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मलाच टोचून काढलं असतं. पोरगी हुशार होती म्हणून आम्हीही निवांत होतो. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळायचं, मी रागावले की दमले. भूक लागली की तवा दाखवायची, झोप आली की माझा पदर ओढायची. शब्दावाचून आमचं काही अडत नव्हतं, म्हणून आम्हाला कळलंच नाही.

कळलं ते पाण्याच्या टँकरमुळं. टँकरवाला वेशीपासून हॉर्न वाजवत यायचा आणि सगळं गाव घागरी घेऊन पळायचं. त्या दिवशी लेक रस्त्याच्या मधोमध बसून मातीत रेघोट्या ओढत होती, टँकरकडं पाठ करून. हॉर्न वाजतोय, वाजतोय. कुत्रीसुद्धा उठून बाजूला झाली, ही जागची हलेना. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरून माझ्या अंगावर ओरडला, "बाई, लेकरू बहिरं हाय का तुमचं?" तो रागानं बोलून गेला. मी मात्र घागर खाली ठेवली आणि तिच्या मागं जाऊन उभी राहिले. टाळी वाजवली. मग दगड घेऊन घागरीवर मारला. बायांनी कानावर हात ठेवले. लेकीनं मागं बघितलं नाही. माझी सावली तिच्या रेघोट्यांवर पडली तेव्हा तिनं वर बघितलं आणि हसली. त्या दिवशी मी पाणी न भरताच घरी आले.

नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. भला माणूस होता. त्यांनी लहानमोठ्या घंटा वाजवून बघितल्या, कानात बत्ती धरली, आणि मला म्हणाले, "बसा बाई." डॉक्टर बसा म्हणले की कळतंच. जन्मापासूनच ऐकू येत नाही, त्याला औषध नाही, असं सांगितलं. पण म्हणाले, तिला बोलायला शिकवता येईल. ओठ बघून, गळ्याला हात लावून शिकवतात, त्याची वेगळी शाळा असते. पुण्यात आहे, मुलं तिथंच राहतात. आत्ता घातलं तर बोलेल, उशीर केला तर अवघड. मी विचारलं, "लातुरात न्हाई का हो अशी शाळा?" ते म्हणाले, "नवा जिल्हा आहे. होईल कधीतरी."

घरी ह्यांनी तेवढंच शेवटचं वाक्य धरून ठेवलं. "आता जिल्हा झालाय. शाळा बी येईल. वरीस-दोन वरीस थांबू." मी भडकले. माझा स्वभाव तसा आहेच, आमच्या घरात भांडं वाजलं की ते माझंच असतं. म्हणलं, "कचेरी आली, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. शाळा येईस्तोवर माझी लेक मुकी म्हातारी होईल. तुमचा जिल्हा ठेवा तुमच्यापाशी." ते भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांचा जीव तिच्यात माझ्याहून जास्त होता, हे मला माहीत होतं. शनिवारी आले की पायातलं काढायच्या आधी तिला उचलायचे. शेवटी आबाच म्हणाले, "शिकायला धाडायचं लेकरू हाय, रडून धाडू नका." आणि स्वतः उठून गोठ्यात गेले. गोठ्यात म्हैस नव्हती, काही काम नव्हतं. बराच वेळ तिथंच होते.

तर ठरलं. मला दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट आत कुरतडत होती. तिला सांगायचं कसं? ऐकणाऱ्या लेकराला सांगता येतं, बाळा, मी सुट्टीला न्यायला येते, चार महिने थांब. ते रडतं, पण त्याच्यापाशी तो शब्द तरी राहतो. माझ्या लेकीला 'उद्या' म्हणजे काय तेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसणार होतं की मायनं परक्या गावात आणलं आणि टाकून गेली. बोलायला शिकली तरी ते तिच्या मनातून कधी गेलं नसतं.

ह्यांना रजा मिळेना. दुष्काळात मस्टर बंद ठेवलं तर माणसांच्या हजेऱ्या बुडणार, त्यांच्या चुली अडणार. मी म्हणलं, मी एकटी जाते, मला कुणी खात नाही. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं, पण मी शनिवारीच पोचायचं ठरवलं. लोकांना सांगितलं, लातूरच्या छोट्या रेल्वेचा भरवसा नाही. खरं म्हणजे मला लेकीबरोबर दोन दिवस हवे होते. एवढं मोठं शहर, दाखवू तिला. पुन्हा कधी दोघी असं हिंडणार?

निघताना आबांनी माझ्या हातावर साखर ठेवली, आणि मग खाली वाकून तिच्याही. तिला पहिल्यांदाच मिळत होती. आजवर ती नुसती बघायची. तिनं तळहात चाटूनपुसून स्वच्छ केला, जीभ काढून आबांना दाखवली आणि ऐटीत उंबरा ओलांडला. उरलेली साखर आबांनी पुडीत बांधून माझ्याजवळ दिली, वाटेत लागंल म्हणून. फाट्यावर हे कामावरून चालत येऊन उभे होते, धुळीनं पांढरे झालेले. एसटी थांबली तेवढ्यात खिडकीतून तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या आणि मला म्हणाले, "सांभाळून." त्यापुढं त्यांना बोलता येईना. एवढा बोलका माणूस!

लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी आणि तिथून पुढं मोठी. मोठ्या गाडीत तिकीट तपासनीस आला. पाच वर्षं पुरी झाली की अर्धं तिकीट, त्याच्या आत फुकट. तिला पुरी व्हायला थोडकेच दिवस होते, आणि दिसायला ती थोराड. त्याला शंका आली. तो माझ्याशी बोललाच नाही, सरळ तिच्याकडं वाकून म्हणाला, "काय गं छकुली, किती वर्षांची तू?" ती त्याच्या तोंडाकडं बघून छान हसली. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा हसली. "लाजते वाटतं," असं म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढं गेला. समोरची बाई म्हणाली, "वाचलात हो." मी खिडकीकडं तोंड केलं आणि पदर तोंडात कोंबला. ती बोलली असती आणि मला दंड झाला असता, तर मी आनंदानं भरला असता.

शनिवारी पहाटे अंधारातच पुण्यात उतरलो आणि स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत गेले. मॅनेजरनं गाव विचारलं, नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर खोल्या भरलेल्या निघाल्या. ओसरी मोकळी होती. मी म्हणलं, "ओसरी तर ओसरी. हवा बी चांगली लागंल." तो वर बघेना. एरवी मी त्याला सोडला नसता, पण लेक मांडीवर झोपली होती आणि मला तिला हलवायचं नव्हतं.

उजाडल्यावर डोळे उघडून बघते तर लेक जागेवर नाही. हाक मारून उपयोग नाही, धावत सुटले. ती अंगणातल्या नळापाशी होती. नळ चालू टाकून कुणी निघून गेलं होतं, पाणी धो धो वाहत होतं, आणि ही दोन्ही हातांनी तोटी पिळत होती. तोटी घट्ट. लेकरू लालबुंद झालं होतं. मी बंद केली तेव्हा तिनं असा सुस्कारा सोडला, जशी पुण्याच्या पाणीपुरवठ्याची सगळी जबाबदारी तिच्याच डोक्यावर.

मग दोन दिवस आम्ही शहर बघितलं ते नळ बंद करत. पैसे परतीच्या भाड्यापुरते आणि शाळेत भरायचे, म्हणून सगळं पायी. घरून आणलेले धपाटे आणि शेंगाची चटणी, एवढंच खाणं. दमलो की झाडाखाली बसायचं. पण रस्त्यात टिपकणारा नळ दिसला की बाई थांबल्याच. एका बंगल्यापुढं एक गृहस्थ रबरी नळीनं स्कूटर धूत होते. ही तुरुतुरु गेली आणि भिंतीतला नळ बंद करून आली. ते गृहस्थ चिडले. "अहो, ही कोणाची मुलगी? काही शिस्त?" मी म्हणलं, "माझी हाय. आमच्याकडं माणसाला आंघोळीला पाणी न्हाई, आन् तुमची गाडी दुसऱ्यांदा न्हाऊन राहिली." ते म्हणाले, "कुठल्या आपण?" म्हणलं, "लातूर जिल्हा." "हां हां, तो नवीन झालेला," असं म्हणाले, आणि का कोण जाणे, नळी गुंडाळून ठेवली. लेक आता मोठी झाली आहे, तिचा संसार आहे. पण आजही तिच्या घरातला नळ टिपकलेला तिला खपत नाही. आवाज येत नसला तरी तिला तो दिसतो.

पहिल्याच दिवशी दुपारी सारसबागेजवळच्या प्राण्यांच्या बागेत गेलो. सिंहाच्या पिंजऱ्यापाशी गर्दी होती. मी तिला कडेवर घेतलं. एकाएकी सिंहानं मोठ्ठी डरकाळी फोडली. पोरं किंचाळली, बाप्ये मागं सरले. माझ्या लेकीनं सिंहाकडं शांत बघितलं. मग आजूबाजूला बघितलं, सगळ्यांची तोंडं भेदरलेली दिसली, आणि मग तीही घाबरली. सगळ्यांचं घाबरून झाल्यावर. माझ्या गळ्याला मिठी मारली. मला वाटलं, ह्या लेकराला जगात सगळंच असं उशिरा कळणार, दुसऱ्याच्या तोंडावर वाचून. आणि ज्या तोंडावर ती सगळ्यात जास्त वाचते ते तोंड मी परवा घेऊन जाणार. मी तिला घट्ट धरलं. बाजूची बाई म्हणाली, "घाबरली का हो बाळी?" मी म्हणलं, "न्हाई, मीच घाबरले."

त्याच बागेत लहान मुलांची आगगाडी होती. झुकझुक करत झाडांमागं जायची आणि फेरा घेऊन यायची. लेक कुंपणाला चिकटली. मी तिचं एकटीचं तिकीट काढलं. डब्यात बसवायला गेले तर ती बसेना. पाय रोवून उभी, आणि उजवा हात माझ्यापुढं पसरलेला. मला आधी कळलं नाही. पैसे मागते का, खायला मागते का? मागची पोरं ओरडायला लागली. ती आपली हात पुढं करून माझ्याकडं बघतेय. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं माय! ती गावाला चालली होती. मी पिशवीतून आबांची पुडी काढली, चिमूटभर साखर हातावर ठेवली. तिनं चाटली, चढली, आणि मागं न बघता गेली.

गाडी झाडांमागं दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं आली. ती उतरली तेव्हा तिच्या तोंडावर कसलंच नवल नव्हतं. साखर खाल्ली म्हणजे परत यायचंच, त्यात काय! मी तिथंच गवतावर बसले आणि हसले, आणि हसता हसता रडले. तिला सांगायची भाषा मला सापडली होती. इतके दिवस मी जे शोधत होते ते माझ्याच माहेरचं होतं.

सोमवारी सकाळी अंघोळ घालून तिला नवा फ्रॉक घातला, हातात बापाच्या बांगड्या. आणि डेअरीत गेले. म्हणलं, आज साखर नाही, आज दही. लेक शाळेत निघालीय, तिच्या हातावर खरंखुरं दही पाहिजे. डेअरीवाला म्हणाला, "किती देऊ?" मी म्हणलं, "हातावर मावंल एवढं." तो म्हणाला, "असं माप नसतं बाई. पावशेरच्या खाली मिळणार नाही." घेतलं पावशेर, डब्याच्या खोलगट झाकणात. दोन वर्षांत एवढं घट्ट दही बघितलं नव्हतं. सुरीनं कापावं तसं. लेकीनं वाटेतच निम्मं संपवलं.

शाळा चांगली होती, ते सांगायला पाहिजे. पुढं मोठं अंगण, लिंबाचं झाड, कानाला मशीन लावलेली पोरं खेळत होती. वसतिगृहाच्या बाई पन्नाशीच्या, डोळ्यांनी मायाळू. त्यांनी लेकीला आपल्या गळ्यावर हात ठेवायला दिला आणि तिचं नाव म्हणाल्या. तिनं चमकून हात काढला, आणि पुन्हा ठेवला. ते बघून मला वाटलं, आपण बरोबर जागी आलोय. खाट दाखवली, तिची पत्र्याची पेटी खाटेखाली ठेवली.

मग बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आता ती मुलांच्यात रमली की तुम्ही हळूच निघा. तिच्या नजरेस पडू नका. सगळे आईबाप असंच करतात. दोन दिवस रडेल, मग होते सवय." त्यांचा अनुभव मोठा होता, त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. पण मला ते सहन झालं नाही. म्हणलं, "मी चोरासारखी जाणार न्हाई. मी तिला सांगून जाणार." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आई, कसं सांगणार तुम्ही?" म्हणलं, "हाय माझ्याकडं."

लेकीला ओसरीत बोलावलं. तिच्यापुढं उकिडवी बसले. झाकणातलं दही बोटांनी घेतलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. माझ्या मनात सगळं साफ होतं. नव्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही द्यायचं. ती शिकायला निघाली, शिकून परत येईल. तिनं दह्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की मी जन्मात विसरणार नाही. चाटून खाल्लं. आणि आत पळाली.

मी बाईंकडं बघून म्हणलं, "बघा, गेली की नाही आनंदानं?" तेवढ्यात खडखड आवाज आला. लेक खाटेखालची पेटी दोन्ही हातांनी ओढत ओसरीत आणत होती. पायऱ्यांवरून पेटी धडाधडा आपटली, तिला त्याचं काय. चपला पायात घातल्या होत्या, उलट्यासुलट्या. पेटी ओढत अंगण पार करून ती फाटकापाशी गेली, फाटकाचा दांडा धरून उभी राहिली आणि वळून मला हातानं बोलवायला लागली. चल. चल की!

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या घरात ज्याच्या हातावर दही तो निघतो. उंबरा ओलांडून बाहेर पडतो. आबांनी साखर दिली तेव्हा ती निघाली, आगगाडीत साखर मिळाली तेव्हा निघाली. मी तिला माझ्या हातानं सांगितलं होतं, चल, निघ, आपण जाऊ. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय केलंत?" मला तरी कुठं ठाऊक होतं! लेक उन्हात उभी राहून हसत हात हलवत होती. उशीर होऊन राहिला म्हणावं, तशी.

मी झाकण घेऊन फाटकाशी गेले. तिच्या हातातली पेटी सोडवली आणि आतल्या बाजूला, लिंबाखाली नेऊन ठेवली. तिला वाटलं मी चुकले, तिनं ती पुन्हा ओढायला घेतली. मी तिचा हात धरला. तिच्यापुढं बसले. उरलेल्या दह्याचं झाकण तिच्या हातात दिलं, आणि माझा तळहात तिच्यापुढं पसरला.

ती बघत राहिली. माझ्या हाताकडं बघितलं, मग पेटीकडं, मग ओसरीत उभ्या असलेल्या बाईंकडं, मग माझ्या पायातल्या चपलांकडं. हसू हळूहळू गेलं. तिला कळत होतं, आणि ते कळताना मला दिसत होतं. तिनं झाकण पाठीमागं लपवलं आणि मान हलवली. नाही. मी हात तसाच ठेवला. वाटलं, उचलावं लेकरू आणि स्टेशन गाठावं, मुकी तर मुकी, माझ्या डोळ्यापुढं तर राहील. पण हात मागं घेतला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं झाकण पुढं आणलं. त्यात बोटं घातली आणि माझ्या हातावर दही ठेवलं. थोडं ठेवून भागलं नाही, झाकण निपटून सगळं ठेवलं, जसं जास्त दिलं तर मी लवकर येणार होते.

मला ते खाता येईना. मी नुसती दह्याचा हात पुढं धरून बसले. तेव्हा माझ्या लेकीनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात माझ्या तोंडाशी ढकलला. दर सोमवारी मी तिच्या बापाचा ढकलायची, तसाच. माझ्या हनुवटीला दही लागलं. मी खाल्लं. तिनं नीट बघितलं, सगळं खाल्लं का. मग उलट्यासुलट्या चपला पायातून काढल्या, हातात घेतल्या, आणि बाईंजवळ जाऊन उभी राहिली.

दही खाऊन निघालेल्या माणसानं मागं बघायचं नसतं. मी फाटक ओढून घेतलं आणि रस्त्याला लागले. मागून हाक आली असती तर मी वळलेच असते, सगळं सोडून वळले असते. पण माझ्या लेकीला हाक मारता येत नव्हती. ती शिकावी म्हणूनच तर मी तिला तिथं ठेवून चालले होते.